आमचे जुने रंगीत फोटो लाल का पडले?

नमस्कार मंडळी. समोर मी, कॅमेऱ्यामागे आमचे हे. अहो, हसू नका, फ्रेम हलतेय.

हे दोन फोटो बघा. हा कृष्णधवल, 1979चा. लग्नानंतरचा आमचा पहिला पावसाळा, नाशिकच्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे ज्याच्यावरून पुराची उंची सांगतात त्या मूर्तीच्या, गुडघ्याला पाणी लागलेलं. यांनी अ‍ॅग्फा क्लिक थ्री कॅमेऱ्यावर काढलाय. रोलमध्ये बाराच फोटो, त्यामुळे बटण दाबायच्या आधी दहा मिनिटं खल. आणि हा माझा, रंगीत, 1991च्या सिंहस्थातला. साधू, रामकुंड, आभाळ, सगळं कसं लालेलाल झालंय! जुना ठणठणीत आणि नवा आजारी. ‘रंगीतच्या नादी लागलीस’, हे मी इतकी वर्षं ऐकतेय.

तर कारण ऐका. कृष्णधवल फोटोतला काळा भाग म्हणजे चांदीचे बारीक कण. रंगीत फोटो धुताना चांदी निघून जाते आणि उरतात तीन रंग: निळसर, किरमिजी, पिवळा. त्या काळच्या बऱ्याच कागदांवर यातला निळसर आधी उडायचा, अगदी अंधाऱ्या कपाटातल्या अल्बममध्येसुद्धा. तो गेला की राहतो लालपणा. म्हणजे माझी चूक नव्हतीच!

आणि चांदी टिकते, पण फोटो नीट धुतला तरच. हे न्हाणीघरात लाल बल्ब लावून प्रिंट काढायचे. एकदा नळ गेला, बादलीभर पाण्यात भागवलं. त्या गठ्ठ्यावर हे पिवळट डाग. कागदात हायपो, म्हणजे फोटो पक्का करायचं रसायन, राहिलं की असंच होतं. कॅमेरा जवळ आणा की... नाही आणणार.

तुमच्याकडे चिकट पानांचे अल्बम असतील तर फोटो ओढू नका, फाटतात. फोटोखालून दोरा हळूहळू सरकवा. निगेटिव्ह भिंतीला टेकलेल्या कपाटात नकोत, पावसाळ्यात बुरशी धरते. टॅबवर पांढरा स्क्रीन लावा, निगेटिव्ह त्याच्या बोटभर वर धरून मोबाइलने फोटो काढा, नाहीतर स्क्रीनचे ठिपके येतात. मग रंग उलटे करा, झालं.

हा शेवटचा, 2019च्या पुरातला. मारुती अख्खा पाण्याखाली. दोघांनी आपापल्या मोबाइलवर टिपला, एकाच जागेवरून.

यांनी आपला कृष्णधवल करून ठेवलाय.