विरघळतं की नाही, हा प्रश्नच अर्धवट आहे

हा ग्लास जरा पुढे घेतो, मागच्यांना दिसतंय ना? नुसतं पाणी आहे, बराच वेळ हलवलेलं नाही. आता यात पोटॅशियम परमँगनेटचा एक बारीक खडा सोडतो... बघा, सरळ तळाला गेला आणि जाताना मागे जांभळा दोरा सोडत गेला, म्हणजे पडता पडताच विरघळायला लागला होता. आता तळाशी गडद थारोळं झालंय आणि ते तिथेच बसलंय, वर यायचं नावच नाही. खड्याला चिकटून जे पाणी आहे ते भरत आलंय आणि ताजं पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. चमचा फिरवून आपण करतो ते एवढंच, भरलेलं पाणी बाजूला सारायचं.

ढवळून पाणी जास्त मीठ घेत नाही हं, फक्त लवकर घेतं. कुटण्याचंही तेच, 1 सेंटिमीटरच्या घनाचे 1 मिलिमीटरचे हजार तुकडे केले की पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटरवरून 60 वर जातो, काम पटापट होतं पण शेवटी मावतं तेवढंच. किती आणि किती लवकर, या दोन गोष्टींचा घोळ आपण सगळेच करतो, मीपण शिकवताना केलाय.

मग गरम केलं तर? सगळे म्हणतात जास्त विरघळतं. मिठाला विचारा! 100 मिली पाण्यात 20 अंशांना साधारण 36 ग्रॅम मीठ मावतं आणि पाणी उकळायला लागलं तरी 39च्या आसपास, म्हणजे एवढा गॅस जाळून मिळाले 3 ग्रॅम. सोरा घ्या, पोटॅशियम नायट्रेट, तो 20 अंशांना 32 ग्रॅम आणि 100 अंशांना 240च्या वर. आणि चुना तर उलटाच, चुन्याची स्वच्छ निवळी तापवली की गढूळ होते, कारण उकळत्या पाण्यात तो थंडाच्या निम्माही टिकत नाही.

असं का, तर सोरा विरघळताना भरपूर उष्णता ओढून घेतो, ग्लास हाताला गार लागतो, त्यामुळे बाहेरून उष्णता दिली की त्याचं फावतं. चुना विरघळताना उष्णता सोडतो, त्याला ती नको असते. मिठाचं देणंघेणं जवळजवळ शून्य, म्हणून त्याला फरक पडत नाही. याचाच फायदा घेऊन सोरा शुद्ध करतात, मीठ मिसळलेला सोरा गरम पाण्यात विरघळवून गार करायचा, सोऱ्याचे स्फटिक खाली बसतात आणि मीठ पाण्यातच राहतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. संपृक्त द्रावणात, म्हणजे ज्यात आणखी मीठ मावतच नाही अशा पाण्यात, कोपरा तुटलेला मिठाचा स्फटिक दोऱ्याने टांगून ठेवा, झाकून, तापमान सारखं ठेवून, आणि घाई करू नका. वजन तेवढंच राहतं पण कोपरा हळूहळू भरून येतो! म्हणजे वरून सगळं थांबल्यासारखं दिसतं तेव्हाही आत सुटणं आणि चिकटणं चालूच असतं, फक्त दोन्हींचा वेग सारखा झालेला असतो.

आणि न विरघळणारे पदार्थ? पुस्तकात लिहितात तसं, पण अर्थ इतकाच की फार कमी विरघळतात. 1913 मध्ये हेवेशी आणि पानेथ या रसायनशास्त्रज्ञांनी शिशाच्या अशाच क्षारांची विद्राव्यता, म्हणजे पाण्यात ते किती मावतात, हे मोजलं. ती इतकी कमी की वजनकाट्याचा काही उपयोग नाही, मग त्यांनी शिशात किरणोत्सारी शिसं मिसळलं आणि पाण्यात त्याचा मागोवा घेतला. या पद्धतीच्या कामासाठी हेवेशींना पुढे 1943चं नोबेल मिळालं.

काय म्हणालात? हो, काचसुद्धा. अतिशुद्ध पाणी काचेच्या बाटलीत ठेवलं की थोडं सोडियम आणि सिलिका त्यात उतरतंच, म्हणून प्रयोगशाळेत ते बरेचदा प्लास्टिकमध्ये ठेवतात. तुमच्या हातातला ग्लास मात्र खुशाल प्या, त्यातली काच कळण्याइतकी कमी व्हायला तुमचं आयुष्य पुरायचं नाही.