वेशीवरचे क्लोंडाइक

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेत मुलाबाळांकडे गेलेली आपली कितीतरी माणसे लास व्हेगास पाहून येतात आणि शहराच्या दक्षिण वेशीवरच्या, बेटी विलिस यांनी रेखाटलेल्या १९५९ सालच्या स्वागतफलकाखाली हौसेने छायाचित्र काढून घेतात. त्या फलकाच्या शेजारी क्लोंडाइक नावाचे एक छोटे, जुने, स्वस्त कसिनो-हॉटेल होते. आज त्याच्याविषयी बोलायचे आहे.

१९६२ साली कोना काई नावाचे मोटेल म्हणून ते सुरू झाले. १९७६ मध्ये ते जॉन वुडरम यांच्या हाती आले आणि त्याचे नाव क्लोंडाइक झाले. कॅनडातल्या ज्या युकॉन भागात १८९६ नंतर हजारो माणसे सोन्याच्या आशेने जिवावर उदार होऊन धावली, तिथले हे नाव. खोल्या जेमतेम दीडशे. १९९३ मध्ये त्याच रस्त्यावर, म्हणजे कसिनोंच्या प्रसिद्ध ‘स्ट्रिप’वर, उघडलेल्या एमजीएम ग्रँड या हॉटेलमध्ये त्या पाच हजारांवर होत्या. मात्र क्लोंडाइकमध्ये बेतास बात पैसे घेऊन आलेल्या माणसालाही ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या जुगाराच्या टेबलाशी बसता येत असे, आणि पोटभर न्याहारीसाठी खिशाकडे पाहावे लागत नसे. मला या जागेचे मोठेपण वाटते ते इथेच.

खेळणाऱ्याने एक डॉलर लावला काय किंवा शंभर लावले काय, पत्ते वाटणाऱ्याचा पगार तोच आणि टेबलाने अडवलेली जागाही तेवढीच. त्यामुळे लहान डावावर चालणाऱ्या कसिनोची मिळकत लहानच राहते. पुढे त्या रस्त्यालगतच्या जमिनीचे भाव असे कडाडले की हॉटेल वर्षानुवर्षे चालवून जे हाती आले असते, त्याहून खालची जमीनच मोलाची ठरली. २००६ च्या जूनमध्ये क्लोंडाइकला कुलूप लागले आणि २००८ मध्ये इमारत पाडली गेली. त्याच वर्षी आर्थिक मंदीने शहराला गाठले. तिथे मोठे हॉटेल उभारण्याचा बेत होता, तो कागदावरच राहिला. गरिबाची ओसरी मोडली, आणि तिच्या जागी वाडाही उभा राहिला नाही, याची मला मनापासून हळहळ वाटते.

फलक मात्र अजून जागेवर आहे. चांदीच्या नाण्यांची आठवण देणाऱ्या त्याच्या सात पांढऱ्या वर्तुळांत स्वागताची सात लाल अक्षरे झळकतात. मागच्या बाजूला, शहर सोडून निघालेल्यांसाठी, गाडी जपून चालवा आणि लवकर परत या, असे लिहिलेले आहे. क्लोंडाइकमधून सकाळी निघालेल्या पाहुण्यालाही हा फलक शेजारीच दिसत असे.