पवनचक्कीला पण लाईट लागते

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे, राहायला साताऱ्यातच, आणि आज मला उन्हाळ्यातल्या इंटर्नशिपबद्दल बोला म्हणून बोलवलंय. आमच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांनी पुण्यात एसीतल्या जागा धरल्या, मला मिळाली ती चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांवर, मे-जूनमधले सहा आठवडे, स्टायपेंड शून्य, दोन वेळचा चहा फुकट आणि सेफ्टी शूज दिलेले ते एक नंबर मोठे, सहा आठवडे दोन-दोन सॉक्स घालून काढले.

बोगद्यातनं बाहेर पडायचं, सज्जनगडाचा फाटा सोडायचा, ठोसेघर मागं टाकायचं की वर पठार लागतं. लहानपणी धबधबा बघायला गेलो की या चक्क्या लांबनं दिसायच्या आणि मला वाटायचं वारा आला की फिरतात, नाही आला की थांबतात, त्यात काय एवढं शिकायचं.

साइटच्या तोंडाशी एका आजीची चहाची टपरी आहे. पहिल्याच दिवशी गळ्यात आयकार्ड बघून तिनं विचारलं, "काय रं बाळा, एवढ्या चक्क्या आमच्या डोक्यावर गरगरत्यात, मग आमचीच लाईट का जाती?" मी म्हटलं, सांगतो आजी, आणि चहा पिऊन सटकलो, कारण मला येतच नव्हतं.

पहिला आठवडा नुसता ग्रीस. पावसाळ्यात आपल्याकडं वाऱ्याचा सीझन असतो, जून ते सप्टेंबर, तेव्हा मशीन बंद ठेवणं परवडत नाही, म्हणून मेमध्ये सगळी दुरुस्ती उरकून घेतात. टॉवरच्या आतनं शिडी, कमरेला हार्नेस, वर पन्नासेक मीटर. तिसऱ्या टप्प्यावर माझे पाय लटपटायला लागले तेव्हा आमचे टेक्निशियन अण्णा वरनं ओरडले, "खाली बघू नको, पुढचा दांडा बघ." वर नेसेल म्हणजे एक लोखंडी खोकं, आत गिअरबॉक्स, जनरेटर, तेलाचा वास आणि अशी गरमी की विचारू नका. पाती मिनिटाला तीस-चाळीस फेरे मारतात, गिअरबॉक्स तेच वाढवून जनरेटरला हजाराच्या जरा वर नेतो. अण्णा प्रत्येक बोल्ट टॉर्क रेंचनं कट्ट आवाज येईपर्यंत आवळायचे आणि मी मागनं नट आणि प्लेटवर मिळून पेंटची एक रेघ मारायचो. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की समजायचं बोल्ट हललाय. चार सेमिस्टर झाल्या पण एवढी सोपी आणि कामाची गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात लॉगशीट माझ्याकडं आली आणि मी माती केली. मीटरचं रीडिंग घेतलं, कालचं वजा केलं, आकडा लिहून मोकळा. आता मोठ्या लाईनवरच्या मीटरला सगळा करंट थेट देत नाहीत, सीटी-पीटी, म्हणजे करंट आणि व्होल्टेज ठरावीक पटीत उतरवणारे ट्रान्सफॉर्मर, लावून कमी करून देतात, त्यामुळं आलेल्या आकड्याला मल्टिप्लाइंग फॅक्टरनं गुणावं लागतं. मी गुणलंच नाही. इंचार्ज साहेबांनी शीट बघितली, त्यावर करवंदाचे जांभळे डाग पण होते, म्हणाले एवढी वीज तर तुझ्या हॉस्टेलचा गीझर खातो. चार दिवसांची शीट परत लिहिली.

पण आकडे लिहूनच एक गोष्ट डोक्यात बसली. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर वाऱ्यातली ताकद दुप्पट नाही, आठपट होते, घन असतो ना वेगाचा. म्हणून मेमधल्या दुपारी पाती आळसावल्यासारखी फिरतात आणि मीटर जागचा हलत नाही, आणि संध्याकाळी पश्चिमेकडनं वारा चढला की तेच मीटर पळायला लागतं. आणि वारा साठवता येत नाही. डोंगरापलीकडं आपली कोयना आहे, १९६० मेगावॅटची, तिथं पाणी धरणात थांबतं, मागणी वाढली की पोफळीच्या वीजघराकडं सोडायचं. हे आजीला सांगितलं तर ती म्हणाली कोयना मला नको सांगू, भूकंपाच्या साली मी अकरा वर्षांची होते, आमचं घर पडलंय. म्हणजे १९६७ चा डिसेंबर. मी गप्प बसलो.

मेच्या शेवटी वळीव आला. ढग काळे, वारा असा की टपरीचा पत्रा वाजायला लागला, मला वाटलं आज जनरेशन फाडणार. आणि कंट्रोल रूममधनं बघतोय तर एकेक मशीन थांबायला लागलं, पाच मिनिटात सगळं पठार गप्प. वारा भन्नाट आणि पाती उभी! अण्णा म्हणाले, ग्रिड गेली, म्हणजे आमची वीज जिथं जाऊन मिसळते ती बाहेरची लाईन. आमची मशीन जुनी, इंडक्शन जनरेटरची, त्यांना चुंबकत्व तयार करायला करंट ग्रिडमधनंच घ्यावा लागतो. लाईन गेली की मशीन ब्रेक लावून गप्प उभं राहतं, वारा कितीही असू दे.

भिजत टपरीत गेलो, तिथं मेणबत्ती. मग सांगितलं आजीला सगळं, की इथली वीज ३३ केव्हीच्या, म्हणजे ३३ हजार व्होल्टच्या लाईननं सबस्टेशनला जाते, तिथनं मोठ्या लाईनीत मिसळते, गावाला येते ती दुसऱ्याच ११ केव्हीच्या फीडरवरनं, म्हणजे गावाकडं जाणाऱ्या वेगळ्या लाईनवरनं, त्याच्यावर फांदी पडली की गाव अंधारात, चक्की फिरली काय अन् नाही फिरली काय. आणि आज तर चक्कीचीच लाईट गेलीय.

आजीनं विचारलं, "म्हंजी तिला पण लाईट लागती?"

लागते म्हटलं.

तर हसायलाच लागली. म्हणाली, बस मग, चहा घे.

आमची लाईन दीड तासानं आली. मशीननी आधी तोंड वाऱ्याकडं वळवलं, मग एकेक करत पाती सुटली. आजीच्या टपरीतला बल्ब लागला तो दुसऱ्या दिवशी दुपारी.