मे महिन्यातली लोकर

[दृश्य: मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराची गच्ची. सकाळ. पांढऱ्या धोतरावर ओळीनं घातलेल्या कुरडया.]

मे महिन्यात कोल्हापूरच्या गच्चीवर लोकर शोधायला जाऊ नये. तिथं कुरडया, सांडगे, पापड, आणि राखणीला बसवलेली नातवंडं. लोकर निघते ती दुपारी, जेवणं आवरल्यावर, खालच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत. त्याआधी साबणानं हात धुवायचे, अगदी कोपरापर्यंत. पापडाच्या लाटीचं तेल एकदा पांढऱ्या टोपड्याला लागलं, की ते निघत नाही. या घरात हा नियम आज्जींनी घातलाय आणि त्याला जावईसुद्धा अपवाद नाहीत.

उन्हाळ्यात लोकर कशाला, हे आम्हीही विचारलं.

आज्जी: "थंडीत विणायला बसलं तर थंडी सरल्यावर स्वेटर होतोय. म्हणून मी आधीच बसतो."

पण खरी घाई थंडीची नाही, पावसाची आहे. गगनबावड्याकडून ढग यायला लागले, की जुलै-ऑगस्टात इथं दिवस दिवस ऊन पडत नाही. भिंती ओल धरतात, कपडे वाळत नाहीत. आणि या घरात श्रावणात पाळणा हलणार आहे. पुतणीचं पहिलं बाळंतपण. म्हणून टोपडं, मोजे, कुंची, सगळं आत्ताच.

[दृश्य: पितळी डब्यातल्या सुया. आज्जी एकेक सुई उचलून नंबर वाचतात.]

आठ, दहा, बारा. या नंबरांचा हिशेब उलटा चालतो. नंबर जितका मोठा, तितकी सुई बारीक. आठ नंबरची सुई चार मिलिमीटर जाड, दहाची सव्वातीन, बाराची पावणेतीन. नव्या पाकिटांवर थेट मिलिमीटर लिहिलेले असतात. आज्जी ते वाचत नाहीत. बाळाच्या टोपड्याचा काठ बाराच्या सुईवर, पुढचं दहावर. काठाला एक सुलट, एक उलट, म्हणजे तो ताणतो आणि परत जागेवर येतो. एक अख्खी ओळ सुलट, एक ओळ उलट असं विणलं, की कडा आपोआप गुंडाळायला लागते. पहिल्यांदा विणणारा माणूस इथं हमखास घाबरतो, आपलं काहीतरी बिघडलं म्हणून. तसं काही नसतं. या विणीत सगळे टाके एकाच तोंडाचे असतात, त्यामुळं दोन बाजूंचा ताण सारखा नसतो आणि कापड वळतं.

दुपारचे दोन म्हणजे हातांना घाम. घामट हातात सुई सरकत नाही, लोकर बोटांना चिकटते. इलाज साधा आहे. शेजारी टाल्कम पावडरचा डबा.

[दृश्य: सोपा भरलेला. पुण्याहून आलेली लेक, तिचा दहा वर्षांचा मुलगा, इचलकरंजीच्या जाऊबाई.]

जाऊबाईंच्या घरी यंत्रमाग. इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी आणला, आणि पुढं त्या गावाची झोपच मागांच्या खडखडाटावर बेतली गेली. कापड म्हणजे उभा धागा आणि आडवा धागा, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. जावेचं काम बघून त्या अजूनही हसतात.

जाऊबाई: "एकाच धाग्यावर सगळा कारभार! तुटला म्हणजे?"

आज्जी: "तुटला तर जोडतोय की. तुमच्या मागावर काय तुटत नाही व्हय?"

खरं तर धोका तुटण्याचा कमी, सुटण्याचा जास्त. एका फासातून दुसरा फास ओढायचा, एवढंच विणकाम. म्हणून ते ताणतं, अंगाबरोबर वळतं. आणि त्याच कारणानं एक टाका निसटला, की शिडी लागल्यासारखं खालपर्यंत उसवत जातं.

नातवाला मफलर करायचाय. फुटबॉलच्या संघाचा, केशरी आणि काळा. फुटबॉलवेड्या कोल्हापुरात आजोळ असलेला मुलगा दुसरं काय मागणार! केशरी लोकर महाद्वार रोडच्या मागच्या गल्लीत मिळाली, पण पुरेशी नाही. दुकानदारानं कपाटाच्या तळातून तीन गुंडे काढले. आज्जींनी चष्मा लावून लेबलं वाचली. रंगाचा नंबर एक, लॉटचा नंबर वेगळा. दिव्याखाली फरक कळत नाही, पण रंगवण्याची खेप बदलली की उन्हात पट्टा उठून दिसतो. एक गुंडा परत गेला. त्या जागी काळा पट्टा रुंद करायचं ठरलं.

ही लोकर बहुतेक लुधियानाकडून येते आणि ती असते अॅक्रिलिक. मेंढीशी तिचा संबंध नाही. हलकी, टोचत नाही, घरी धुता येते, म्हणून तान्ह्या बाळासाठी सोयीची. मात्र चुलीजवळ, शेगडीजवळ ती जपावी लागते. मेंढीची लोकर जळताना केसासारखा वास येतो आणि ती बहुधा आपोआप विझते. अॅक्रिलिक वितळतं आणि कातडीला चिकटतं. शेकशेगडीच्या खोलीत ही कुंची घालायची नाही, हे आज्जींनी पुतणीला आत्ताच बजावलंय.

[दृश्य: हुपरीकडचा रस्ता. उसाचे फड. पुढं मेंढरांचा कळप.]

एका रविवारी आज्जींच्या विणकामातल्या सगळ्या मैत्रिणी मेंढीची लोकर बघायला निघाल्या. ही मंडळी मूळची भिशीची. एक निवृत्त परिचारिका, एक बँकेत नोकरी केलेल्या, एक क्रोशावाल्या ज्यांना सुयांचं विणकाम मनापासून पटत नाही. आणि त्यांच्यात इंजिनिअरिंगचा एक पोरगा. मोबाईलवर बघून शिकलेला. सगळ्यांना मावशी म्हणतो आणि सगळ्यांत सफाईदार मोजे तोच विणतो.

रस्ता पट्टणकोडोलीवरून जातो. दसऱ्यानंतर इथं विठ्ठल-बिरदेवाची यात्रा भरते. भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात, आणि खारीक-खोबऱ्याबरोबर लोकरही उधळली जाते. उन्हाळ्यात देऊळ निवांत. पुढं एका गावात घोंगडी विणणारं सनगर कुटुंब भेटलं, आणि तिथं आमचं ठरलेलं चित्रीकरण बाजूलाच राहिलं. प्रश्नच इतके.

दख्खनी मेंढीची लोकर राठ, आखूड. तिचा स्वेटर अंगाला टोचेल. पण घोंगडं म्हणजे पावसात डोक्यावर घ्यायचं, शेतात अंथरायचं, थंडीत पांघरायचं. तिथं राठपणाच कामाचा. मेंढरं वर्षातून साधारण दोनदा कातरतात. लोकर पिंजायची, चरख्यावर सूत काढायचं, उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ द्यायची, म्हणजे ते मागावर तुटत नाहीत. मग खड्ड्याच्या मागावर विणायचं. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. त्याचं घोंगडं मऊ, आणि महागही.

क्रोशावाल्या मावशींनी जावळाचं सूत बोटावर घेतलं. तिथंच, उभ्या उभ्या, साखळी घातली, खांब घातले. तळहाताएवढाही गोल झाला नसेल, पण घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी तो घेऊन उजेडाकडं धरला.

"मागाबिगर झालं म्हणायचं हे?"

सूत विकत मिळेल का, हे आमच्या मंडळींनी लगेच विचारलं. मिळालं, थोडंसं. माणसाला मूठ मूठ आलं. त्याचं काय करायचं यावर परतीच्या वाटेवर गाडीत जे वाद झाले, ते या चित्रफितीत बसणार नाहीत.

[दृश्य: रंकाळा. संध्याकाळ. आभाळ भरून आलेलं.]

जूनचा दुसरा शनिवार. २००५ पासून जगात ठिकठिकाणी लोक या दिवशी घराबाहेर, चारचौघांत बसून विणतात. ही बातमी इंजिनिअरिंगच्या पोरानं आणली. आपणही रंकाळ्यावर बसायचं ठरलं. जूनमध्ये, कोल्हापुरात, उघड्यावर! व्हायचं तेच झालं. दोन ओळी होतात न होतात तोच सर आली, आणि सगळे भेळेच्या गाडीच्या ताडपत्रीखाली. भेळवाल्यानं विचारलं, प्रदर्शन आहे काय. परिचारिकाबाईंनी त्याच्या नातीच्या डोक्याचं माप घेतलं आणि टोपी कबूल केली. चिंचेच्या चटणीपासून लोकर वाचवणं, हेच त्या दिवशीचं मोठं काम.

लेक आणि नातू तोवर पुण्याला गेले होते. शाळा सुरू. मफलर अर्धाच, तो सुयांसकट दप्तरात गेलाय.

[दृश्य: आज्जींच्या हातात मोबाईल. पडद्यावर नातू, त्याच्या मागं वह्यांचा ढीग.]

नातू: "आज्जी, टाका सुटलाय. पार खालपर्यंत गेलाय."

आज्जी: "ओढू नको! क्रोशाची सुई घे. खालच्या फासात घाल, आता वरचा आडवा दोरा धर, आणि काढ बाहेर. दाखव बघू. हां. अजून एक."

नातू: "किती आहेत अजून?"

आज्जी: "मोज की. आणि केशरी संपत आला असंल तर काळा लाव आता."