चार पुल रिक्वेस्ट आणि एक टी-शर्ट

कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या भाषणाचा विषय छापलाय 'मुक्त सॉफ्टवेअरमधल्या श्रेयाची आणि मोबदल्याची न्याय्य वाटणी'. मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता आणि बदलता येतो ते. वाटणी म्हटलं की भाऊबंदकी आलीच, म्हणून आधी टी-शर्टची गोष्ट सांगतो. ऐकली असेल तर पुन्हा ऐका, मला ती फार आवडते.

हॅक्टोबरफेस्ट, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरला हातभार लावा म्हणणारा दरवर्षीचा ऑनलाइन उपक्रम, साल २०२०. ऑक्टोबरात चार पुल रिक्वेस्ट करा, म्हणजे 'माझा हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशा चार विनंत्या पाठवा, पहिल्या ७०,००० जणांना टी-शर्ट. टी-शर्ट नको तर तुमच्या नावानं झाड. एक तारीख उजाडली आणि मेंटेनर मंडळींच्या, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांच्या, पुढ्यात ढीग पडला. कुणी रीडमीत, म्हणजे प्रकल्पाच्या माहितीपानात, 'अमेझिंग प्रोजेक्ट' घुसडलं, कुणी नुसती एक स्पेस वाढवली. हिंदीतल्या एका गाजलेल्या व्हिडिओत नमुना म्हणून असाच बदल करून दाखवला होता, पोरांनी तो इमानेइतबारे उतरवून काढला. हसताय काय? इंजिनिअरिंगची जर्नलं कशी पुरी होतात, हे या सभागृहात कुणाला सांगायला नको. माझा पोरांवर राग नाही. मोजायचे चार होते, त्यांनी चार आणून टाकले. राग आहे तो मोजणीवर. ढीग उपसण्यात ज्यांच्या रात्री गेल्या, त्या रात्री कुठल्याच आकड्यात आल्या नाहीत. ओरड झाल्यावर काही दिवसांतच आयोजकांनी नियम बदलला: ज्या प्रकल्पानं आपणहून होकार कळवलाय, तिथलंच काम धरायचं.

हा रोग जुना आहे. १९८२ साली अ‍ॅपलच्या लिसा संगणकावर काम करणाऱ्यांकडून दर आठवड्याला लिहिलेल्या ओळींचा आकडा मागायचे. तिथल्या बिल अ‍ॅटकिन्सन या प्रोग्रॅमरनं नेमकं फॉर्म भरायच्या सुमारास आपलं जुनं काम ओळी कमी करून सुटसुटीत आणि वेगवान केलं होतं. त्यानं फॉर्मवर लिहिलं: उणे २०००. पुढे त्याच्याकडे फॉर्म मागणंच बंद झालं. आमच्याही एका कचेरीत कमिटच्या, म्हणजे कोडमध्ये नोंदवलेल्या एकेका बदलाच्या, संख्येवर 'महिन्याचा मानकरी' निवडायचे. आमचे एक सहकारी सगळ्यांचा कोड तपासून द्यायचे, ते कायम तळाला. मानकरी कोण असायचा, ते सोडा.

बरं, चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. मग मूळ मुद्दा पळतच सांगतो.

एक्सझेडचं प्रकरण घ्या, मार्च २०२४. एक्सझेड म्हणजे फाइली आवळून लहान करणारं मुक्त सॉफ्टवेअर. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसवाला, म्हणजे त्या नावाच्या डेटाबेसवर काम करणारा. दूरच्या संगणकात शिरायच्या एसएसएच लॉगिनला साधारण अर्धा सेकंद उशीर होतोय, हे त्याला खटकलं. खणत गेला तर एक्सझेडमध्ये चोरदरवाजा. आता कमिट मोजा. एक्सझेडच्या कोडमध्ये फ्रॉइंडच्या नावावर काही नाही. आणि ज्यानं तो चोरदरवाजा बसवला, तो 'जिया टॅन' दोन वर्षांहून अधिक काळ राबून सहमेंटेनर झालेला. कमिटच्या यादीत मूळ मेंटेनरच्या खालोखाल त्याचंच नाव. आकड्यावर बक्षीस ठेवलं असतं तर ते कुणाच्या घरी गेलं असतं?

तेव्हा श्रेय संख्येनं नाही, कामाच्या नावानं द्या. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, पॅचखाली, म्हणजे पाठवलेल्या बदलाखाली, ओळी असतात: रिपोर्टेड-बाय, टेस्टेड-बाय, रिव्ह्यूड-बाय. दोष कुणी कळवला, कुणी चालवून पाहिलं, कुणी वाचून तपासलं, ते तिथल्या तिथे नोंदलं जातं. खर्च शून्य. कोडमधले बदल नोंदवणाऱ्या गिटमध्ये को-ऑथर्ड-बाय, म्हणजे सहलेखकाचं नावही लिहिता येतं, पण आपण लिहीत नाही. भाषांतर करणारे, दस्तऐवज लिहिणारे यांची नावंही त्या-त्या कमिटमध्येच घाला. वर्षाखेरीला आठवून यादी करायला बसलात की जवळचे तेवढे आठवतात.

पैशाचं बोलायला दोनच मिनिटं उरली. २०१४ साली हार्टब्लीड नावाचा सुरक्षेचा दोष निघाला, तो ओपनएसएसएलमधला. इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणाऱ्या या सॉफ्टवेअरवर तेव्हा इंटरनेटचा मोठा भाग उभा होता, आणि त्यांच्याकडे देणग्या यायच्या वर्षाला साधारण २,००० डॉलर. तिथे 'बग सोडवा, बक्षीस घ्या' उपयोगाचं नाही. त्यातून सोडवणाऱ्याला पैसे मिळतात, कोड वाचून तपासणाऱ्याला नाही. कंपन्यांनी मेंटेनरच्या वेळेचे पैसे दरमहा द्यावेत, पगारासारखे. त्यानं तो वेळ रिव्ह्यूत घालवला की आलेल्या बदलांना नुसतं 'नाही' म्हणण्यात, ते विचारू नये. प्रकल्पाकडे वरकड पैसा आला तर त्याची वाटणी कशी करायची, याचा तक्ता पुढच्या स्लाइडवर होता. ती आता राहू द्या, चहाच्या वेळी ज्याला हवी त्याला दाखवतो.