सरोवराभोवतीची सायकलफेरी: आखणी पैलतीरापासून

श्रोतेहो, नमस्कार.

सरोवराभोवतीचा रस्ता नकाशावर पाहिला की फारच सरळ वाटतो. मधे पाणी, भोवती रस्ता, निघालो तिथेच परत. वाट चुकण्याचीही फारशी भीती नाही. मात्र या फेरीची एक अडचण नकाशा पाहताना सहसा लक्षात येत नाही. पैलतीरावर पोहोचून दमछाक झाली, तर पुढचे अंतर आणि मागचे अंतर जवळजवळ सारखेच असते, आणि मधून कापायला वाट नसते. म्हणून अशा फेरीची आखणी आरंभस्थानापासून न करता पैलतीरापासून करावी, असे माझे मत आहे. तिथे पाणी मिळेल का, सावलीची जागा आहे का, एखादा पूल किंवा सायकल चढवू देणारी नाव आहे का, हे आधी पाहावे आणि मग बाकीचे ठरवावे.

अंतराचा विचार करताना सरोवराच्या कीर्तीवर जाऊ नये. जपानमधल्या बिवा सरोवराची पूर्ण फेरी सुमारे 200 किलोमीटरची आहे. तिथे एक पूल मधेच सरोवर ओलांडतो, म्हणून अनेकजण फक्त उत्तरेकडची, सुमारे 150 किलोमीटरची फेरी करतात. स्वीडनमधल्या व्हेटर्न सरोवराची फेरी तर 300 किलोमीटरच्या घरात जाते. हे मध्यम दमाच्या माणसाचे एका दिवसाचे काम नव्हे. नियमित सायकल चालवणाऱ्याने 40 ते 60 किलोमीटरचे सरोवर निवडावे, आणि त्यात एकूण चढाई 400 ते 500 मीटरच्या आत असावी.

चढाई म्हटल्यावर काहींना नवल वाटेल, कारण पाणी सपाट असते तेव्हा काठचा रस्ताही सपाटच असणार, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात रस्ता पाण्याला चिकटून क्वचितच जातो. डोंगराची सोंड पाण्यात उतरली असेल तिथे तो तिच्यावर चढतो, आणि ओढा सरोवराला मिळतो तिथे पुलापर्यंत खाली येऊन पलीकडे पुन्हा वर जातो. सरोवरातून बाहेर पडणारा प्रवाह बहुधा एकच असतो, पण येऊन मिळणारे ओढे पुष्कळ असतात. त्यामुळे असे छोटे चढ एकामागून एक येत राहतात आणि मोठ्या घाटापेक्षा पाय अधिक थकवतात. पुलाकडे उतरताना, वेग असतानाच, गिअर हलका करून घ्यावा. चढ सुरू झाल्यावर, पायांवर जोर आलेला असताना बदलायला गेले तर साखळी कुरकुरते आणि कधी निसटतेही. पुलाच्या तोंडाशी लोखंडी सांधा असेल तर तो काटकोनातच ओलांडावा, आणि वळणाच्या कडेला वाहून आलेल्या वाळूवर ब्रेक दाबू नये.

आता दिशा. वाहने डावीकडून चालणाऱ्या देशात घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरावे, म्हणजे सरोवर सतत आपल्या डाव्या हाताला राहते. फाटे बहुतेक बाहेरच्या बाजूने येऊन मिळतात, तेव्हा त्यांची तोंडे आपल्याला ओलांडावी लागत नाहीत, आणि पाण्याकडे पाहत थांबायचे असेल तर समोरून येणारी वाहनेही आडवी येत नाहीत. बिवाभोवती फिरणाऱ्यांना हीच दिशा सुचवली जाते. वाहने उजवीकडून चालत असतील, तर अर्थातच दिशा उलटी.

या नियमाला एकच मोठा अपवाद करावा लागतो, आणि तो वाऱ्यामुळे. फेरी गोल असल्याने समोरचा वारा आणि पाठीचा वारा यांची फिटंफाट होते, असे समजणे चूक आहे. ताशी 20 किलोमीटरने जाताना समोरून ताशी 10 किलोमीटरचा वारा असेल, तर तोच वेग राखायला हवेचा अवरोध सव्वादोन पट सोसावा लागतो. पाठीच्या वाऱ्यात तो कमी होतो हे खरे, पण समोरच्या वाऱ्यात आपण हळू जात असल्याने तिथे वेळही जास्त घालवतो. शिवाय दिवस तापला की जमीन पाण्यापेक्षा लवकर गरम होते आणि वारा पाण्याकडून काठाकडे वाहू लागतो. दुपारी तो चांगलाच जोर धरतो. डोंगरांमधल्या लांबट सरोवरांवर तर दुपारी दरीच्या लांबीने वारे सुटतात. म्हणून समोरच्या वाऱ्याची बाजू सकाळीच उरकता येईल, अशी दिशा धरावी, मग त्यासाठी फाटे ओलांडावे लागले तरी चालतील.

सामानाबद्दल थोडक्यात सांगतो: एक जादा ट्यूब, पंप, पंक्चर काढण्याचे साहित्य आणि पुढचा-मागचा दिवा. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी धरावे. सरोवर शेजारी असले तरी त्याचे पाणी शुद्ध केल्याशिवाय पिऊ नये.

राहता राहिली वेळ. ताशी 20 च्या वेगाने 50 किलोमीटरला अडीच तास लागतात, पण सरोवराकाठी माणूस थांबतोच, आणि थांबू नये असे मी म्हणणारही नाही. तेव्हा चार तास धरावेत. निम्म्या अंतराच्या बरेच अलीकडे, साधारण 15 ते 20 किलोमीटरवर, ओळखू येईल अशी एक जागा नकाशावर निवडावी, आणि तिथे पोहोचण्याची शेवटची वेळ निघण्यापूर्वीच लिहून घरच्यांना देऊन ठेवावी. ती वेळ टळली, किंवा तिथे वारा अपेक्षेपेक्षा जोराचा लागला, तर आल्या वाटेने परत फिरावे. तिथून तोच रस्ता जवळचा असतो.