पंचेचाळीस मीटर नवार

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेच्या पुस्तकात पृथ्वीच्या इतिहासाचा तक्ता असतो. प्रत्येक कालखंडाला एक चौकट, आणि सगळ्या चौकटी साधारण सारख्याच उंचीच्या. मुलं नावं पाठ करतात, मार्कही मिळवतात. पण काळाची लांबी त्यातून डोक्यात शिरत नाही, आणि या विषयात खरी शिकण्यासारखी गोष्ट तीच आहे. म्हणून माझं सांगणं असं की, या सुट्टीत मुलांना हाताशी घेऊन हा काळ मापात मांडा.

माप सोपं ठेवायचं. १ मिलिमीटर म्हणजे १ लाख वर्षं. मग सेंटिमीटरला १० लाख आणि मीटरला १० कोटी. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, तेव्हा पट्टी झाली ४५ मीटर ४० सेंटिमीटर. हे वय कुणी काढलं, असं मुलं विचारणारच. १९५६ साली क्लेअर पॅटरसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उल्कापाषाणातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून, म्हणजे शिशाच्याच वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून, ते ४५५ कोटी ठरवलं. त्यात पुढे फारसा फरक पडलेला नाही.

पट्टीसाठी नवार आणा, म्हणजे पलंगाला विणतात ती जाड सुती पट्टी. नायलॉनची दोरी ताणली की लांबते आणि खुणा सरकतात. नवार कमी पडली तर दुसरा तुकडा शिवून जोडा, गाठ मारू नका. एका गाठीत दहा सेंटिमीटर गेले, तर १ कोटी वर्षं गेली! मोजायचं आजच्या टोकापासून मागे, आणि पट्टी पसरायची कॉलनीच्या बागेत किंवा सरळ गल्लीत. गच्चीवर घड्या घालून बसवू नका. ती चालतच बघायला हवी.

आता जन्माच्या टोकाकडून चालू लागा. ३५ मीटरच्या खुणेशी सूक्ष्मजीवांनी रचलेल्या थरांचे पुरावे मिळतात, ऑस्ट्रेलियातल्या खडकांत. २५ मीटरवर आपला बुंदेलखंडचा ग्रॅनाइट. झाशी-ओरछ्याकडे नातेवाईक असतील तर तो तुम्ही नक्की पाहिलेला आहे. २४ मीटरच्या आसपास हवेत ऑक्सिजन साचू लागतो. आणि त्यानंतर नवार कोरी, कोरी, कोरीच. इथे मुलं कंटाळतात. हा भाग आखडून घेऊ या, म्हणतात. तेवढं मात्र करू देऊ नका. सांगाडे, शिंपले, डोळे असलेले प्राणी खडकांत भरभरून दिसू लागतात ते कँब्रियन काळात, म्हणजे ५ मीटर ३९ सेंटिमीटरवर. त्याआधीची ४० मीटर पृथ्वी जवळजवळ सगळी सूक्ष्मजीवांची. डायनासोर येतात २ मीटर ३० सेंटिमीटरच्या सुमाराला. पुस्तकात ज्यांना आपण 'प्राचीन' म्हणतो, ते इथे अगदी शेवटाला!

शेवटचा मीटर मी सावकाश बघायला सांगेन, कारण त्यात आपला माळवा आहे. ९० सेंटिमीटरच्या आसपास नर्मदेच्या खोऱ्यात समुद्र शिरलेला होता. धार जिल्ह्यात बाघच्या चुनखडीत त्याचे शिंपले आणि समुद्री साळूचे जीवाश्म आजही मिळतात. आपण बाघला जातो ते लेणी बघायला आणि छापाचं कापड घ्यायला. एकदा तिथला दगडही हातात घेऊन बघा. पुढे ६७-६८ सेंटिमीटरच्या सुमाराला डायनासोरची अंडी. त्याच भागातल्या पाडल्या गावात लोक वाटोळे दगड कुलदैवत म्हणून पुजत होते. ती डायनासोरची अंडी असल्याची बातमी २०२३ मध्ये आली.

आणि ६६ सेंटिमीटरवर लाव्हा. इंदूरजवळच्या पाताळपाणी धबधब्याच्या कड्यात दिसणारा काळा पाषाण आणि शेतातली काळी माती, दोन्ही त्याच लाव्हाचे. हा सगळा दख्खनचा पसारा मुख्यत्वे साधारण १० लाख वर्षांत साचला. नवारीवर तो जेमतेम एक सेंटिमीटर. त्याच सेंटिमीटरात मेक्सिकोत उल्का आदळली.

माणूस, म्हणजे आपली जात, शेवटच्या ३ मिलिमीटरांत. टोक काढलेल्या पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी तिच्याखाली ५० हजार वर्षं झाकली जातात. शेती, हडप्पा, उज्जैन, होळकरांचं इंदूर, सगळं त्या एका रेघेत. मुलांना राजवाडा वेगळा दाखवायचा असेल तर नवारीवर जागाच नाही. त्यासाठी बाजूला मोठ्या मापाचा दुसरा कागद करावा लागेल.

एक शेवटची सूचना. खुणा पेन्सिलीनेच करा, शाईने नको. कँब्रियनची सुरुवात पूर्वी ५४ कोटी १० लाख वर्षांपूर्वीची धरत, आता ५३ कोटी ८८ लाख धरतात. नवारीवर खूण दोन सेंटिमीटरांहून जास्त सरकली, अख्ख्या दख्खनच्या लाव्हाच्या दुप्पट. असे बदल पुढेही होतील, तेव्हा खोडरबर जवळ असू द्या.

नमस्कार.